धुऱ्यावरची सावली : अद्भुत आणि वास्तव एकत्र नांदणारी कथा कशी वाचायची

एका गावात एक शेतकरी वारला. तेरवी झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले. चौदाव्या दिवशी मुलगा डवरणीला, म्हणजे बैलांच्या डवऱ्याने पिकातलं तण काढायला, वावरात गेला, तर धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, बापाची सावली उभी. माणूस नाही, नुसती सावली. डोक्याला बांधलेला दुपट्टा, हातात काठी, एक पाय थोडा वाकडा, अगदी जसा होता तसाच. मुलगा काही वेळ पाहत राहिला. मग त्याने बैल डवऱ्याला जुंपले, कारण दुपारनंतर पावसाचा रंग होता. त्या दिवसापासून सावली रोज तिथेच. शेजारपाजारचे लोक पाहून गेले. पोळ्याला कुणीतरी तिच्यापुढे नारळ फोडला. पंधरवड्यात गावाला सवय झाली.

अडचण आली ती वारस नोंदीला. फेरफाराची नोटीस लागली, की कुणाची हरकत असेल तर पंधरा दिवसांत कळवावी. सावलीने काही कळवलं नाही. मग तलाठी स्वतः वावरात आला, धुऱ्याकडे बघितलं, हातातल्या कागदाकडे बघितलं आणि मुलाला म्हणाला, "हेच नाव कमी करायचं आहे ना? मग हे अजून इथं कसं?"

ही गोष्ट मी रचलेली आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात आम्ही काही जण रविवारी दुपारी बसतो. कुणीतरी एक कथा मोठ्याने वाचतो, मग त्यावर बोलणं होतं. शेतकरी असतात, अंगणवाडीच्या ताई असतात, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी दोन-तीन पोरं असतात. अलीकडच्या काही कथा तिथे वाचल्या तेव्हा लोक अडखळले. माणसं हवेत तरंगतात, झाडाला बोलता येतं, मेलेला नातेवाईक जेवायला येऊन बसतो, आणि लेखक मात्र भाजीचा भाव सांगावा तसं हे सगळं सांगत जातो. अशी कथा कशी घ्यायची, हे समजावून सांगायला मला आपल्या मातीतली एक लहानशी गोष्ट हवी होती. म्हणून ही सावली.

वाचून झाल्यावर काय झालं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच उलगडतं. सावली मागे राहिलीच कशी, असं कुणीही विचारलं नाही. एक जण म्हणाला, सातबाऱ्यावर 'इतर हक्क' असा रकाना असतो, विहिरीतला हिस्सा नाहीतर बँकेचा बोजा त्यात लिहितात, सावलीची नोंद तिथे घेता येईल. एका पोराने विचारलं, ई-पीक पाहणीसाठी मोबाइलवर फोटो काढताना सावली फोटोत आली तर ॲप तो घेईल का? आणि पहिल्या बाकावरच्या एका काकाजींनी मला सरळ पकडलं. "गुरुजी, तुमची सावली रोज उभी रायते म्हनता. आन मंग झडी लागली का? आठ-आठ दिवस आभाय भरून रायते. ऊनच नाई तं सावली दिसन कशी?"

त्यांचं बरोबर होतं. मी कथा दुरुस्त केली. आता झडीच्या दिवसांत सावली दिसत नाही, आणि ते आठ दिवस मुलाला पहिल्यांदा खरोखर बाप गेल्यासारखं वाटतं. कथेतली सर्वात चांगली जागा मला त्या काकाजींनी दिली.

या प्रकारच्या कथेचं सगळं यंत्र इथे उघडं पडतं. मेलेल्या माणसाची सावली उभी राहते ही एक अशक्य गोष्ट काकाजींनी कुरकुर न करता मान्य केली. पण ती मान्य केल्याबरोबर बाकीचं सगळं खरं असलं पाहिजे, अशी त्यांची अट होती. ऊन असेल तरच सावली पडेल. तलाठी तलाठ्यासारखाच बोलेल. डवरणीच्या दिवसांत डवरणीच होईल, तूर काढायला निघालेली चालणार नाही. लेखकाला अशक्य गोष्ट फार तर एकच मिळते. ती टिकवण्यासाठी आजूबाजूला शंभर खऱ्या गोष्टी उभ्या कराव्या लागतात. मांडवाचा एक खांब हवेत उभा असेल, तर बाकीचे खांब चांगले खोल गाडलेले लागतात.

या लेखनाला मराठीत साधारणपणे जादुई वास्तववाद म्हणतात. शब्द जड आहे आणि त्याने थोडी दिशाभूलही होते, कारण 'जादुई' म्हटलं की डोळ्यांपुढे जादूगार येतो. हा शब्द मुळात कथेसाठी जन्मलाच नव्हता. १९२५ मध्ये फ्रान्झ रो नावाच्या जर्मन कलासमीक्षकाने तो चित्रांसाठी वापरला. त्या चित्रांत रोजच्या वस्तू इतक्या स्वच्छ आणि इतक्या स्थिर रंगवलेल्या असत, की पाहता पाहता त्याच अनोळखी वाटू लागत. पुढे शब्द अटलांटिक ओलांडून लॅटिन अमेरिकेत गेला. क्युबाचा लेखक आलेहो कार्पेंतिएर याने १९४९ मध्ये आपल्या एका कादंबरीच्या प्रस्तावनेत वेगळी बाजू मांडली. हैतीला जाऊन आल्यावर त्याला जाणवलं होतं की आपल्याकडे अद्भुत मुद्दाम बनवावं लागत नाही, इथल्या इतिहासात आणि लोकांच्या विश्वासात ते आधीच मिसळलेलं आहे. त्याने त्याला 'अद्भुत वास्तव' म्हटलं. मला हा शब्द जास्त आवडतो. आपल्यालाही तो जास्त जवळचा आहे.

पण जगभर ही रीत पोचवली ती कोलंबियाच्या गॅब्रिएल गार्सिया मार्केझने. त्याचा जन्म १९२७ चा, आराकाताका या केळीच्या बागांनी वेढलेल्या लहानशा गावातला. लहानपणी तो आजी-आजोबांकडे वाढला. १९६७ मध्ये त्याची एका काल्पनिक गावावरची आणि त्या गावातल्या एका घराण्यावरची मोठी कादंबरी आली, आणि १९८२ मध्ये त्याला नोबेल मिळालं. सांगण्याचा सूर आपल्याला आजीकडून मिळाला, असं तो मुलाखतीत म्हणाला आहे. आजी अघटित गोष्टी अगदी सहज, चेहऱ्यावरची रेषही न हलवता सांगायची. आपण लिहिताना अडलो होतो, कारण आपला स्वतःचाच त्या गोष्टींवर विश्वास बसत नव्हता, हे त्याच्या लक्षात आलं. आजीसारखं सांगायला लागल्यावर कादंबरी पुढे सरकली.

आपल्यापैकी ज्यांनी आजीच्या गोष्टी ऐकल्या आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. माझी आजी डाळ निवडता निवडता सांगायची. गोष्टीतला राजपुत्र पोपट झाला, की ती एक खडा बाजूला टाकायची आणि पुढचं वाक्य बोलायची. "आणि काय आश्चर्य!" असं ती कधी म्हणाली नाही. आश्चर्य वाटायचं काम आमचं होतं.

मार्केझने आणखी एक गोष्ट सांगितली आहे, ती लिहिणाऱ्या पोरांनी लक्षात ठेवावी. आकाशात हत्ती उडताहेत म्हटलं तर लोक मानणार नाहीत, पण ४२५ हत्ती उडताहेत म्हटलं तर कदाचित मानतील. आकडा आला की डोळ्यांना मोजायला काहीतरी मिळतं. आमच्या गावात वाघ दिसल्याची बातमी येते तेव्हाही हेच होतं. "वाघ दिसला" याला कुणी किंमत देत नाही. "पांदनीत, नाल्याच्या वरच्या अंगाला, तिसऱ्या मोहाखाली बसला होता" म्हटलं की लोक पोरांना आवाज देऊन घरात घेतात.

आता शेजारच्या प्रकारांशी होणारा गोंधळ सोडवू. परीकथेत सगळं जगच वेगळं असतं. तिथे कुणाला सातबारा लागत नाही, म्हणून तिथे पोपट बोलला तर नवल नसतं. विज्ञानकथा अशक्य गोष्टीला कारण देते, म्हणजे यंत्र, प्रयोग, ग्रहावरचं हवामान. रूपककथेत प्रत्येक गोष्टीचा अर्थ बांधलेला असतो, सिंह म्हणजे राजा आणि कोल्हा म्हणजे कपटी मंत्री, अर्थ काढला की गोष्ट संपली. इथपर्यंत सोपं आहे.

भुताची गोष्ट मात्र जास्त जवळची आहे, म्हणून तिथे थांबायला हवं. रानडुकरांपासून पीक राखायला तुम्ही जागलीला गेला आहात. रात्री दोनच्या सुमाराला पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, काहीतरी पांढरं हलतं. रोही, म्हणजे नीलगाय, असेल? कुणाचा वाळत घातलेला दुपट्टा उडून आला असेल? की आणखी काही? बॅटरी मारण्याआधीचे ते चार-पाच श्वास म्हणजेच भुताची गोष्ट. मूळचे बल्गेरियाचे आणि फ्रान्समध्ये लिहिणारे अभ्यासक त्स्वेतान तोदोरोव यांनी १९७० मध्ये हेच शास्त्रशुद्ध मांडलं. घडलेल्या गोष्टीला नैसर्गिक कारण आहे की अलौकिक, या दोहोंत वाचक घुटमळत असतो तोवरच ती कथा त्यांच्या 'फँटॅस्टिक' या प्रांतात असते. उत्तर मिळालं की ती त्या प्रांतातून बाहेर पडते.

आपल्या सावलीच्या कथेत हे घुटमळणं नाही. मुलगा बॅटरी मारून बघत नाही. तो डवरा जुंपतो. फरक इथे आहे. भुताच्या गोष्टीत माणसं अद्भुताला घाबरतात, या कथेत ती अद्भुतासोबत राहायला लागतात आणि घाबरतात ती वेगळ्याच कशाला तरी. जर्मन भाषेत लिहिणाऱ्या फ्रान्झ काफ्काच्या १९१५ साली छापल्या गेलेल्या एका प्रसिद्ध दीर्घकथेत एक फिरता विक्रेता सकाळी उठतो तो कीटक होऊन, आणि त्याला काळजी कसली लागते तर पहाटेची गाडी चुकल्याची, साहेब काय म्हणेल याची. वाचताना अंगावर काटा येतो तो कीटकामुळे कमी आणि त्या गाडीमुळे जास्त. माणसाचं शरीर बदललं तरी नोकरीची भीती सुटत नाही, हे सत्य साध्या कथेत इतकं टोचलं नसतं.

मग त्या रविवारी परीक्षेची तयारी करणाऱ्या पोराने विचारलेला प्रश्न येतो. "सर, पण हे खोटंच आहे ना? खोटं कशाला वाचायचं?"

प्रश्न प्रामाणिक होता आणि त्याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. शेतकऱ्याने आत्महत्या केली की सरकारी मदतीसाठी प्रकरण तयार होतं. मदत १ लाख रुपयांची. त्यासाठी पाहिलं जातं की जमीन कुणाच्या नावावर होती, नापिकी होती का, कर्ज बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं होतं का, ते थकलं होतं का, परतफेडीचा तगादा होता का. मग जिल्ह्याच्या समितीपुढे प्रकरण जातं आणि ठरतं, पात्र की अपात्र. आमच्या भागात बायामाणसं हे शब्द रोजच्या बोलण्यात वापरतात. "तिच्या घरचं पात्र झालं, हिच्या घरचं अपात्र निंगालं." क्षणभर थांबून हे वाक्य ऐका. मरण पात्र झालं. मरण अपात्र ठरलं. जमीन बापाच्या नावावर आणि कसणारा मुलगा, किंवा उसनवारी नात्यातली आणि कागद नाही, अशा घरी माणूस गेलेला असतो, पण कागदावर ते मरण त्या रकान्यात बसत नाही. कुठल्या लेखकाने हे कल्पनेने रचलं असतं तर आपण म्हटलं असतं, अतिशयोक्ती झाली.

वास्तव असं विचित्र होतं तेव्हा सरळ वर्णन थकून जातं. आकडे रोज छापून येतात आणि डोळ्यांखालून निघून जातात. वाचणाऱ्याला चीड यायची ती कधीच येऊन गेलेली असते. अशा वेळी धुऱ्यावरची सावली कामाला येते. मेलेला माणूस कागदावरून कमी करायचा आहे आणि तो वावरातून कमी व्हायला तयार नाही, इतकंच कथेत घडतं. कुठेही 'आत्महत्या' हा शब्द नाही. आमच्या बैठकीत तो कुणी उच्चारला नाही, पण तलाठ्याचं वाक्य वाचलं तेव्हा खोलीत जी शांतता झाली, ती मी विसरणार नाही.

मार्केझच्या कादंबरीतही हेच आहे. ६ डिसेंबर १९२८ रोजी कोलंबियातल्या सिएनागा गावी युनायटेड फ्रूट कंपनीच्या केळीच्या बागांतले संपकरी मजूर जमले होते. सैन्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. किती मेले यावर आजही एकमत नाही. कादंबरीत हे हत्याकांड येतं, तिथे मेलेल्यांचा आकडा तीन हजार आहे. त्यातून वाचलेला एक माणूस घरोघर सांगत फिरतो आणि लोक त्याला सांगतात, इथे तर काहीच झालं नाही. त्यानंतर त्या गावात पाऊस सुरू होतो तो ४ वर्षं, ११ महिने आणि २ दिवस. आता सांगा, यातलं अद्भुत कोणतं? पाच वर्षांचा पाऊस, की हजारो माणसं मेल्यावर एकालाही ते न आठवणं? पाऊस लेखकाचा आहे. विसरणं मात्र माणसांचं होतं आणि ते खरं होतं. झडी पाहिलेल्या माणसाला तो पाऊस कळतो. सगळं ओलं, सगळं मऊ, भिंतीला बुरशी, आणि आधीचं काही आठवू नये असं आभाळ.

हे सगळं बाहेरून आलेलं आहे, असं मात्र कुणी समजू नये. अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. महानुभावांचं मोठं स्थान, आणि आता तिथे मराठी भाषा विद्यापीठही उभं राहिलं आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केलं. चक्रधरस्वामींच्या त्या आठवणींत कावळ्याचं घर शेणाचं आणि दुसऱ्या पाखराचं मेणाचं ही गोष्ट आहे, जी आजही आपण लेकरांना भरवताना सांगतो. मराठी गद्य उभं राहतानाच त्याच्या मांडीवर ती गोष्ट बसलेली होती.

त्याहून मला जवळचं वाटतं ते भुलाबाईचं गाणं. भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागरीपर्यंत आपल्याकडे पोरी भुलाबाई मांडतात. त्यातलं कारल्याचं गाणं सगळ्यांना पाठ आहे. सून माहेरी जाण्याची परवानगी मागते. सासू म्हणते, आधी कारल्याचं बी पेर. बी पेरलं, आता कोंब येऊ दे. कोंब आला, वेल होऊ दे. मग फूल, मग कारलं, मग भाजी. एका 'हो' साठी अख्खा हंगाम जातो. कारली लागेपर्यंत एक बाई उंबऱ्यावर उभी आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणा. आजच्या एखाद्या कथालेखिकेने हेच घेतलं आणि सुनेच्या पायांना मुळं फुटली असं लिहिलं, तर आपण त्याला जादुई वास्तववाद म्हणू. पोरींनी ते टाळ्या वाजवत पिढ्यानपिढ्या गायलं आहे.

पोथीतल्या चमत्काराचा प्रश्नही आमच्याकडे हटकून निघतो, कारण शेगाव जवळ आहे आणि गजानन विजय ग्रंथाचे २१ अध्याय घरोघरी वाचले जातात. मी एवढंच सांगतो की पोथी आणि कथा यांत ऐकणाऱ्याची बैठक वेगळी असते. पोथी श्रद्धेने ऐकतात, तिथे घडलेलं घडलं म्हणून ऐकायचं असतं. कथा आपल्याला तसा विश्वास मागत नाही. ती म्हणते, अर्धा तास हे असं आहे असं धरून चल आणि त्या अर्ध्या तासात काय दिसतं ते पाहा. पुस्तक मिटल्यावर सावली खरी मानायचं बंधन कुणावर नाही.

याच कारणाने एक धोका मला उघड सांगावासा वाटतो. आपल्या भागात जादू हा शब्द नुसता कथेतला नाही. गावात लेकरू दगावलं, ढोर मेलं, की एखाद्या विधवेकडे बोट दाखवलं जातं, करणी केली म्हणून. तिला मारहाण होते, गाव सोडावं लागतं. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये झाला, डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यानंतर. त्याच्या कितीतरी आधी शेजारच्या अमरावती जिल्ह्यात जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनात प्रश्न विचारून विचारून लोकांच्या डोक्यातली भुतं उतरवत होते. या मातीत अद्भुत लिहिणाऱ्याने हे विसरून चालणार नाही. जिच्यावर आळ आला ती बाई कथेत खरोखरच चेटकीण निघाली, तर ती कथा कितीही सुंदर असो, ती मारणाऱ्यांच्या बाजूने उभी राहिली. मला अशी कथा चालत नाही. उलट त्या बाईला गावाबाहेर काढल्याच्या रात्रीपासून गावातल्या एकाही चुलीला विस्तव धरेना असं कुणी लिहिलं, तर अद्भुत योग्य जागी बसलं. कुणाला दोषी ठरवायला जादू वापरली आणि कोणता दोष दिसावा म्हणून वापरली, एवढं तपासलं की पुरतं.

आता अशा लेखनाची एक मऊ तऱ्हाही आहे आणि तिच्यासाठी मला गोंदियाच्या पलीकडे बोट दाखवायचं आहे. नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या रेल्वेवर, महाराष्ट्राची हद्द ओलांडली की राजनांदगाव येतं. तिथे १९३७ साली विनोद कुमार शुक्ल जन्मले. रायपूरच्या कृषी विद्यापीठात त्यांनी शिकवलं आणि आयुष्यभर हिंदीत कविता, कथा, कादंबऱ्या लिहिल्या. 'दीवार में एक खिड़की रहती थी' या कादंबरीला १९९९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि २०२४ चं ज्ञानपीठही त्यांच्याकडे आलं. त्या कादंबरीत लहान गावातला एक तरुण प्राध्यापक आहे. नवीन लग्न झालेलं, राहायला एकच खोली. कॉलेजला जायला टेम्पोची वाट पाहत उभा असतो आणि तिथून हत्तीवरून जाणारा एक साधू त्याला हत्तीवर बसवून नेऊ लागतो. खोलीला एक खिडकी आहे. नवराबायको त्या खिडकीतून पलीकडे उतरतात तर तिथे नदी, तलाव, झाडं, स्वच्छ वाट.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, ही तर पळवाट झाली. पुन्हा वाचल्यावर मत बदललं. खिडकीच्या अलीकडे पगार तेवढाच राहतो, खोली तेवढीच राहते, टेम्पो तेवढाच उशिरा येतो. लेखक त्यांची गरिबी पुसत नाही. पण गरीब माणसाच्या आयुष्यात फक्त गरिबीच असते, असं सांगणाऱ्या लेखनाशी तो असहमत आहे. एका खोलीत राहणाऱ्या दोन माणसांना एकमेकांमुळे जे मोकळं वाटतं त्याला त्याने एक खरी, उघडता येणारी खिडकी दिली. विदर्भावर लिहिताना हे फार कामाचं आहे. आपल्यावरच्या कथेत फास असतो, विषाची बाटली असते, भेगाळलेली जमीन असते. ते खरं आहे. पण त्याच गावात तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल सजवणारं लेकरू आहे, आणि पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मध्यरात्रीच्या नाटकाला अंगावर चादर घेऊन बसलेली हजारो माणसं आहेत. त्यांच्यासाठी खिडकी कोण लिहिणार?

अशी कथा हाती आली तर वाचायची कशी, हे पोरं विचारतात. मी सांगतो, पहिल्या वाचनात "याचा अर्थ काय" हे विचारूच नका. सावली म्हणजे कर्ज, सावली म्हणजे आठवण, असं समीकरण मांडलं की सावली मरते. त्याऐवजी आजूबाजूच्या माणसांकडे बघा. अद्भुत आल्यावर कोण घाबरलं, कोण फायदा बघायला लागलं, कुणी नुसतं पाणी आणून दिलं? मग लेखकाने खरं काय काय ठेवलं आहे ते मोजा. जिथे आजूबाजूचं खरं पातळ आहे तिथे अद्भुत घसरतं. आजकाल छापून येणाऱ्या कितीतरी कथा मला याच कारणाने कच्च्या वाटतात. माणूस उडतो, पण तो कोणत्या गावातून उडाला, खाली कोणतं पीक उभं होतं, बायको काय म्हणाली, काहीच नाही. नुसतं उडणं. त्याला काकाजींसारखा एक ऐकणारा भेटायला हवा होता.

सावलीच्या कथेला तेव्हा शेवट नव्हता. तलाठ्याच्या प्रश्नावर मी थांबलो होतो आणि पुढे काय ते मला सुचत नव्हतं. पुढच्या रविवारी तोच भाग पुन्हा वाचला, झडीची दुरुस्ती करून. लोक उठायला लागले. भिंतीला टेकून बसलेली एक आजी, जी नातवाला घेऊन येते आणि कधी बोलत नाही, तिने विचारलं, "गुरुजी, त्याचं घर कुटी हाय? वावराच्या उगवतीले का मावळतीले?"

मी तोवर ते ठरवलंच नव्हतं. तसं सांगितलं.

"उगवतीले ठिवा," ती म्हणाली. "संध्याकायी सावली लंबी होते न. घरापावतर येईन."